एकच वाण की मिश्रण? बाटली निवडण्याआधी

आमच्या ग्राहकांपैकी बरेच जण बाटली हातात घेतली की आधी लेबलावर द्राक्षाच्या वाणाचं नाव शोधतात. एकच नाव दिसलं की समाधान. तीन-चार नावं दिसली, किंवा एकही दिसलं नाही, की बाटली परत फळीवर जाते. एका वाणाची वाइन अस्सल आणि मिश्रण म्हणजे उरल्यासुरल्याची विल्हेवाट, असा यामागचा समज. हलक्या प्रतीच्या वाइनबाबत तो कधी कधी खराही ठरतो, हे आधीच कबूल करतो. पण फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाच्या नावाजलेल्या तांबड्या वाइन बहुतेक मिश्र असतात आणि बहुतांश शँपेनही मिश्रच असते. मिश्रण का करतात हे कळलं, तर निवड पुष्कळ सोपी होते.

सालीत काय असतं

काळ्या द्राक्षाचा मणी फोडून पाहा. काही थोडे वाण सोडले तर आतला गर रंगहीनच असतो. रंग, तसंच तुरटपणा आणणारं टॅनिन, हे दोन्ही मुख्यतः सालीतून येतात; सुगंधाचाही मोठा वाटा सालीचाच. मणी लहान आणि साल जाड असली, की रसाच्या मानाने सालीचं प्रमाण वाढतं. कॅबर्ने सॉव्हिन्यॉंचं असंच आहे, म्हणून तिची वाइन गडद असते आणि तरुणपणी हिरड्यांना आवळून धरते. मर्लोचे मणी मोठे, साल पातळ. वाइन मऊ आणि भरीव. पिनो न्वारची साल आणखी नाजूक, त्यामुळे रंग फिका, पण सुगंध विलक्षण.

वासांमागे नेमकी रसायनं असतात. कॅबर्ने पुरेशी पिकली नाही तर ढोबळी मिरचीसारखा हिरवट वास येतो, तो पायराझिन या गटातल्या संयुगांचा. सिराच्या वाइनमध्ये काळ्या मिरीचा भास होतो, तो मात्र निव्वळ भास नव्हे: मिरीतलं रोटंडोन हेच संयुग त्या द्राक्षाच्या सालीतही सापडतं.

बोर्दोतलं गणित

बोर्दोमध्ये मर्लो आधी फुलते आणि कॅबर्ने सॉव्हिन्यॉंच्या आठवडाभर किंवा त्याहूनही आधी पिकते. वसंतात उशिरा हिमतुषार पडले किंवा फुलोऱ्यात पाऊस झाला, तर मर्लोला जास्त फटका बसतो. काढणीच्या शेवटी पाऊस आला, तर तोवर वेलीवरच असलेली कॅबर्ने सापडते. दोन्ही लावणाऱ्याचं सगळं पीक सहसा एकाच तडाख्यात जात नाही. ही झाली शेतकऱ्याची सावधगिरी. चवीचं गणितही त्यातच बसतं. कॅबर्नेची वाइन तोंडात जोरात सुरू होते आणि लांब टिकते, पण मधे कधी कधी पोकळ वाटते; ती पोकळी मर्लो भरून काढते. कॅबर्ने फ्रां सुगंध देते. पेटी व्हर्दो उशिरा आणि बेभरवशाने पिकते, तरी रंगासाठी आणि धारेसाठी दोन-चार टक्के हवीशी असते.

प्रमाण मातीवरही ठरतं. बोर्दोतल्याच मेदॉककडची खडीची जमीन लवकर तापते, पाणी धरत नाही. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला ती मानवते. तिथल्याच पोमेरॉलची थंड चिकणमाती मर्लोला. म्हणूनच एकाच प्रदेशाचं नाव असलेल्या दोन बाटल्या चवीला इतक्या वेगळ्या लागतात.

खरी कसोटी मात्र मिश्रण ठरवण्याच्या टेबलावर. प्रत्येक वाणाची, बऱ्याचदा शेताच्या प्रत्येक तुकड्याची वाइन वेगळी आंबवून वेगळी ठेवलेली असते. काढणीनंतरच्या हिवाळ्यात तिचे नमुने मांडतात, मोजनळीने मिलिलिटरमध्ये प्रमाण धरून छोटी मिश्रणं करतात आणि कोणत्या ग्लासात काय आहे ते झाकून चाखतात. इथे साधी बेरीज चालत नाही. दोन उत्तम नमुने एकत्र येऊन सपक होऊ शकतात, आणि एकटा बोजड वाटणारा नमुना तीन टक्क्यांवर सगळ्याला कणा देऊन जातो. मुख्य वाइनमध्ये जे बसत नाही, ते चांगलं असूनही दुसऱ्या लेबलाखाली जातं. प्रमाण दर वर्षी नव्याने ठरतं. त्यामुळे ‘मागच्या वर्षीची हीच होती, मग आता वेगळी का लागते?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हवामानात आणि या टेबलावर असतं.

काही वेगळी मिश्रणं

शँपेनमध्ये पिनो न्वार, मनिए आणि शार्दने हे मुख्य वाण तर एकत्र येतातच, शिवाय वर्षंही एकत्र येतात. लेबलावर वर्ष नसलेल्या शँपेनमध्ये आधीच्या हंगामांची राखून ठेवलेली वाइन मिसळतात, म्हणजे ती बनवणाऱ्या घराण्याची चव दर वर्षी सारखी राहते. अशी शँपेन बाटलीत भरल्यावर किमान १५ महिने थांबल्याशिवाय विकता येत नाही.

आम्हाला सर्वांत गंमत वाटते ती फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन भागातल्या कोत-रोती या वाइनची. तिथे काळ्या सिरासोबत व्हियोनिये हे पांढरं द्राक्ष २० टक्क्यांपर्यंत घालायला परवानगी आहे (प्रत्यक्षात घालतात बरंच कमी), मात्र दोन्ही एकत्रच आंबवावी लागतात. पांढरं घातल्याने तांबडा रंग फिका पडेल असं वाटतं ना? थोड्या प्रमाणात घातलं तर उलट तो अधिक पक्का होऊ शकतो, कारण पांढऱ्या द्राक्षाच्या सालीतली काही द्रव्यं रंगद्रव्याला धरून ठेवतात.

आणि एकटे वाण?

त्यांचंही महत्त्व कमी नाही. फ्रान्समधल्या बर्गंडीत तांबडी म्हणजे पिनो न्वार. १३९५ मध्ये तिथल्या ड्यूक फिलिपने गामे या वाणाविरुद्ध फर्मानच काढलं होतं. इटलीतली बारोलो ही वाइन फक्त नेबियोलो या वाणाची. वाण एकच असला की या शेताची आणि त्या शेताची वाइन यांतला फरक जमिनीचा आणि हाताचा, हे स्पष्ट दिसतं. रीझलिंग या पांढऱ्या वाणाचा सुगंध तर इतका स्वतःचा असतो की तिच्यात दुसरं काही मिसळावंसं फारसं कुणाला वाटत नाही.

फक्त एक लक्षात ठेवा. लेबलावर एकाच वाणाचं नाव असलं म्हणजे बाटलीत तेवढंच असतं, असं नाही. युरोपीय संघात त्या वाणाचं प्रमाण ८५ टक्के असलं की पुरतं, अमेरिकेत सर्वसाधारणपणे ७५ टक्के. उरलेल्यात दुसरे वाण कायदेशीरपणे असू शकतात. ‘शुद्ध’ म्हणून घेतलेली बाटलीही मिश्रण असू शकते, आणि त्यात फसवणूक काहीच नाही.

घरी करून पाहा

एक कॅबर्ने सॉव्हिन्यॉं, एक मर्लो, दोन्ही साध्या, एकाच वर्षाच्या घ्या. मोजपात्राने ७०-३०, ५०-५० आणि ३०-७० अशी तीन मिश्रणं करा आणि शेजारी दोन्ही मूळ वाइन ठेवा. आधी वास, मग घोट. तुरटपणा कुठे, म्हणजे हिरड्यांवर की जिभेच्या मागे जाणवतो, तेवढंच टिपा. पिंपात महिनोन् महिने एकत्र मुरलेल्या मिश्रणाची सर याला येणार नाही, पण कोणता वाण काय करतो ते कळेल. तुम्हाला आवडलेलं प्रमाण आम्हाला सांगा, त्याच्या जवळची बाटली आम्ही काढून देऊ. कॅबर्नेचा वाटा मोठा असलेली तरुण वाइन निघाली, तर ती तासभर आधी उघडून रुंद भांड्यात ओतून ठेवा. मर्लो जास्त असेल तर सहसा एवढं थांबावं लागत नाही.