आद्य चित्रपट-अभिनेत्री, मराठी

चित्रपटातील स्त्रीभूमिका पुरुष नटांकडून स्त्रियांकडे येण्याचा काळ सामान्यतः १९१३ ते १९४० असा धरतात. मूकपटाला बोली नसल्यामुळे त्या पर्वापुरते ‘मराठी’ हे विशेषण निर्मितीचे ठिकाण आणि कलावंतांची मातृभाषा यांवरून लावावे लागते.

दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके. ते मुंबईतील एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. फाळक्यांनी आधी स्त्री-कलावंतांचा कसून शोध घेतला, वेश्यावस्तीतही चौकशी केली, पण कोणी टिकले नाही. हा केवळ नाइलाज होता असे मात्र म्हणता येत नाही. रंगभूमीवर स्त्रीपार्टी नट रूढ होते आणि बालगंधर्वांमुळे त्या परंपरेला मोठी प्रतिष्ठाही होती. प्रेक्षकांना त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. पुढे लंकादहनात (१९१७) साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

राजा हरिश्चंद्रच्या उपलब्ध रिळांत तारामती व तिच्या सख्यांच्या जलक्रीडेचा प्रसंग आहे आणि त्यातील सर्व ‘स्त्रिया’ पुरुष आहेत. ही रिळे मूळ १९१३ च्या प्रतीची की फाळक्यांनी १९१७ च्या सुमारास पुन्हा केलेल्या चित्रपटाची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ते मानले, तर स्त्रिया पडद्यावर आल्यानंतरही फाळक्यांनी या कथेसाठी पुरुषच घेतले असा निष्कर्ष निघतो. तेव्हा १९१३ या वर्षाला ‘पुरुष तारामतीचा शेवट’ मानणे बरोबर नाही.

पडद्यावर प्रथम स्त्रिया आल्या त्या फाळक्यांच्याच मोहिनी भस्मासुर या नाशिकला तयार झालेल्या चित्रपटात. काही सूचींत त्याचे वर्ष १९१३, तर काहींत १९१४ असे दिले आहे. चित्रपट १९१३ च्या अखेरीस तयार होऊन नव्या वर्षाच्या सुमारास प्रदर्शित झाला असावा, असे धरल्यास दोन्ही नोंदींचा मेळ बसतो. यात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमला मोहिनी झाली. मायलेकी फिरत्या नाटक मंडळीत काम करीत. कमलाबाईंचे जन्मवर्ष बहुधा १९०० असल्याने त्या वेळी त्यांचे वय तेराच्या आसपास असावे. ‘पहिली अभिनेत्री’ हा मान काही लेखक दुर्गाबाईंना, तर काही कमलाबाईंना देतात. दोघी एकाच चित्रपटात असल्याने हा वाद काळाचा नसून शब्दाचा आहे. पहिली प्रौढ अभिनेत्री दुर्गाबाई व पहिली नायिका कमलाबाई, अशी विभागणी सयुक्तिक ठरते. दुर्गाबाईंचे नाव पुष्कळ ठिकाणी केवळ ‘कमलाबाईंच्या आई’ म्हणून येते, हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. पतीपासून विभक्त झाल्यावर मुलीला घेऊन नाटकात उतरण्याचे धाडस त्यांचे होते. पुढे कमलाबाईंचा विवाह नट रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. नट चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू.

फाळक्यांची कन्या मंदाकिनी कालियामर्दनमध्ये (१९१९) बाळकृष्ण झाली. उर्वरित मूकपटपर्वात मुंबईच्या पडद्यावर सुलोचना (रूबी मायर्स) यांच्यासारख्या ज्यू आणि अँग्लो-इंडियन नायिका पुढे होत्या.

बोलपटाने भाषा व उच्चार यांना महत्त्व आणले. प्रभात फिल्म कंपनीचा अयोध्येचा राजा (१९३२) ही कथा हरिश्चंद्राचीच होती आणि तारामती होत्या दुर्गा खोटे (१९०५–१९९१). सॉलिसिटर लाडांची ही महाविद्यालयीन शिक्षण घेतलेली मुलगी घरच्या आर्थिक अडचणीमुळे चित्रपटात आली. उपाहारगृहातील स्वयंपाक्यापासून सुशिक्षित घरातील विवाहितेपर्यंत तारामतीला एकोणीस वर्षे लागली. दुर्गा खोटे यांना १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

त्या काळी नट्या स्टुडिओच्या पगारावर आणि कराराने बांधलेल्या असत. कराराच्या वादातून शांता आपटे यांनी १९३९ मध्ये पुण्यात प्रभातच्या फाटकापाशी उपोषण केले. चित्रपटसृष्टीत येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी जाऊ मी सिनेमात? (१९४०) हे पुस्तकही त्यांनी लिहिले. मूकपटापासून काम करणाऱ्या ललिता पवार यांच्या डोळ्याला १९४२ मध्ये चित्रीकरणातील थपडेच्या प्रसंगात कायमची इजा झाली. नायिकापद गेले, पण चरित्रभूमिकांतून, विशेषतः खाष्ट सासू म्हणून, त्या कित्येक दशके पडद्यावर राहिल्या.

या व्यवसायाविषयीचे सर्वांत स्पष्ट कथन हंसा वाडकर (पूर्वाश्रमीच्या रतन साळगावकर) यांच्या सांगत्ये ऐका (१९७०) या आत्मकथनात आहे. त्यावर आधारलेल्या भूमिका (१९७७) या हिंदी चित्रपटासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.