एनएफ-२ हे नाव का बदलले: पार्श्वभूमी

नसांवर गाठी आणणाऱ्या एका जनुकीय आजाराच्या जुन्या फायलींवर 'न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २' (एनएफ-२) लिहिलेले असे. आता त्याच आजाराला 'एनएफ२-संबंधित श्वॉनोमॅटोसिस' म्हणायचे, असे २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ठरवले.

१८८२ मध्ये एका जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने अंगभर उठणाऱ्या गाठींचा नसांशी संबंध दाखवला आणि पुढची शंभर वर्षे सगळ्या गाठी एकाच मोळीत बांधल्या गेल्या. फरक मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावरही कळतो. श्वॉनोमा, म्हणजे नसेभोवतीच्या आवरणाच्या पेशींची गाठ, नसेला बाजूला सारून वाढतो, त्यामुळे तो पुष्कळदा सोलून काढता येतो. न्यूरोफायब्रोमा या दुसऱ्या प्रकारच्या गाठीच्या पोटातूनच नसेचे तंतू जातात.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या एका बैठकीत वाटणी झाली. कॉफीच्या रंगाच्या डागांचा तो एनएफ-१. दोन्ही कानांच्या नसांवर गाठी असणारा एनएफ-२. पहिल्याचे जनुक १९९० मध्ये १७व्या गुणसूत्रावर सापडले, दुसऱ्याचे १९९३ मध्ये २२व्यावर; या दुसऱ्या जनुकाचेही नाव एनएफ२ च. वाटणी बरोबर होती, बारसे चुकले. एनएफ-२ मध्ये श्वॉनोमा आणि मेनिन्जिओमा (मेंदू व मज्जारज्जूच्या आवरणावरच्या गाठी) हेच प्रामुख्याने होतात, न्यूरोफायब्रोमा क्वचितच.

खरा गुंता श्वॉनोमॅटोसिस, म्हणजे अनेक श्वॉनोमा होणारा तिसरा प्रकार, वेगळा काढल्यावर वाढला. त्याची दोन जनुके मिळाली, २००७ मध्ये एसएमएआरसीबी१ आणि २०१४ मध्ये एलझेडटीआर१. दोन्ही २२व्याच गुणसूत्रावर, एनएफ२ च्या शेजारी. गाठीतल्या पेशींनी त्या गुणसूत्राचा मोठा तुकडा गमावला की त्यावरची एनएफ२ ची प्रतही जाते. म्हणजे एका गाठीत एनएफ२ बिघडलेले दिसले, तरी रुग्ण तो दोष जन्मतः घेऊन आला होता, असे म्हणता येत नाही. त्यासाठी रक्त तपासायचे, नाहीतर शरीराच्या दोन वेगळ्या जागच्या गाठींत हुबेहूब तोच बदल आहे का, ते पाहायचे. एलझेडटीआर१ च्या काही रुग्णांना एका कानाच्या नसेवर गाठ होते आणि ते जुन्या निकषांत एनएफ-२ म्हणून बसत. उलट, ज्यांच्या काहीच पेशींत एनएफ२ बिघडलेले, असे रुग्ण श्वॉनोमॅटोसिसमध्ये मोजले जात.

म्हणून एनएफ-२ आणि श्वॉनोमॅटोसिस या दोन्हींना श्वॉनोमॅटोसिसच्या छत्राखाली आणून पुढे जनुकाचे नाव जोडले. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच. पण ज्या नावामुळे घोळ झाला, ते जनुकाच्या नावात तसेच बसून आहे. आणि जुन्या-नव्या कागदांवरचा आजार एकच, हे विमा कंपनीला पटवण्याचे काम रुग्णाच्याच गळ्यात.

उपचारांच्या वाटाही वेगळ्या झाल्या आहेत. सेल्युमेटिनिब हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत एनएफ-१ च्या मुलांमधील प्लेक्सिफॉर्म (नसांच्या जाळ्यात पसरणाऱ्या) गाठींसाठी मंजूर झाले. कानाच्या नसेवरच्या गाठींसाठी बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगाचे औषध वापरून पाहिले जाते.