शालेय वाचा-उपचार : डिजिटल साधने आणि कमी तयारीचे उपक्रम

उच्चार, भाषा, बोलण्याचा ओघ किंवा आवाज यांत अडचण असलेल्या मुलांसाठी शाळेच्या वेळेत आणि शाळेच्याच आवारात जी उपचारसत्रे घेतली जातात, त्यांना शालेय वाचा-उपचार म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘स्पीच थेरपी’ हाच शब्द रूढ आहे. दवाखान्यात एका वेळी बहुधा एकच मूल समोर असते. शाळेत तीन-चार मुले एकत्र बसतात, प्रत्येकाची अडचण निराळी असते, सत्र जेमतेम अर्ध्या तासाचे असते आणि घंटा झाली की पुढचा गट दारात उभा असतो. दर सत्रासाठी नवी चित्रे कापून, चिकटवून तयार करणे कोणत्याही उपचारकाला वर्षभर झेपत नाही. फारशी पूर्वतयारी न लागणारे उपक्रम आणि पडद्यावरची तयार साधने या गरजेतून पुढे आली.

अमेरिकेत शिकागोच्या सार्वजनिक शाळांनी १९१० मध्ये वाचासुधारणेसाठी स्वतंत्र शिक्षक नेमले. १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना सरकारी शाळांत मोफत आणि त्यांना साजेसे शिक्षण मिळण्याचा हक्क दिला. तेव्हापासून प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा लिहिला जातो आणि गरज असेल तिथे वाचा-उपचार त्या आराखड्याचाच भाग असतो. तिथल्या एका शालेय उपचारकाकडे साधारण पन्नास मुले असतात. एकदा बनवलेला चित्रसंच अनेकांनी वापरावा ही पद्धत तिथे वाढली, ती या ओझ्यामुळेच. ‘बूम कार्ड्स’सारखे संच त्याच गरजेतले आहेत. मूल पडद्यावरील उत्तरावर बोट ठेवते आणि ते बरोबर की चूक हे कार्डच सांगते.

भारतात म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून, मुंबईतील नायर रुग्णालयाचे प्रशिक्षण विद्यालय १९६६ पासून आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून या क्षेत्रात आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून झाली. त्यातील पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन दुभंगलेला टाळू, श्रवणदोष, भाषाविकासातील विलंब अशा अडचणी शोधतात आणि मुलांना जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. तरीही बहुतेक मराठी शाळांत पूर्णवेळ वाचा-उपचारक नसतो. रोजचा सराव विशेष शिक्षक, वर्गशिक्षिका आणि घरची माणसे करून घेतात. साधने सोपी असण्याला इथे अमेरिकेपेक्षाही जास्त महत्त्व आहे ते यामुळे.

साधन कोणतेही असो, अर्ध्या तासात मुलाने ठरलेला आवाज किंवा वाक्यरचना स्वतःच्या तोंडाने किती वेळा वापरली, यावरून ते तोलावे. चार मुलांच्या खेळात आपली पाळी यायला पाच मिनिटे लागली, तर मूल सत्रभरात सहा वेळा बोलते. तेवढ्याने जिभेची जुनी सवय मोडत नाही. ज्याची पाळी असेल त्याने फासा टाकावा आणि जितके ठिपके पडतील तितक्या वेळा सगळ्यांनी आपापला शब्द म्हणावा, एवढा बदल केला तरी आकडा झपाट्याने वाढतो. मोजायला चिंचोके पुरतात. प्रत्येक चांगल्या उच्चाराला एक चिंचोका वाटीत टाकला की मुलाला आपली प्रगती दिसते आणि बाईंची नोंदही आपोआप होते.

एकाच साहित्यातून निरनिराळी उद्दिष्टे कशी साधतात, हे काऊ-चिऊच्या गोष्टीवरून नीट दिसते. तिला काहीच तयारी लागत नाही. मेणाचे घर, शेणाचे घर, पाऊस आणि बंद दार प्रत्येक मुलाला ठाऊक असते. गटातला एक मुलगा ‘क’च्या जागी ‘त’ म्हणतो. त्याच्या वाट्याला ‘काऊ’ येतो आणि गोष्ट संपेपर्यंत तो शब्द वीसेक वेळा सहज येऊन जातो. दुसऱ्या मुलीची वाक्ये तुटक आहेत, ती ‘चिऊ बाळ अंघोळ’ एवढेच म्हणते. तिच्याकडून ‘चिऊने बाळाला अंघोळ घातली’, मग ‘चिऊने बाळाला काजळ लावलं’ असे एकेक वाक्य बांधून घेता येते. ‘ने’ आणि ‘ला’ दर वेळी त्याच जागी येत असल्याने ते कानात बसतात. तिसरा मुलगा अडखळतो. ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ हे सगळ्यांनी मिळून म्हटले की त्याचे अडखळणे बहुधा कमी होते. ही मोकळीक एकत्र म्हणण्यापुरतीच असते, ती बरे झाल्याची खूण मानू नये. पण आपल्या आवाजाने गोष्ट पुढे सरकली, हा अनुभव त्याला मिळतो आणि तो मोलाचा आहे. चौथे मूल अजून बोलत नाही. टॅबवरच्या एका चौकटीत ‘दार उघड’ ध्वनिमुद्रित करून ठेवले की नेमक्या क्षणी बोट दाबून तेही कावळा होते. हीच गोष्ट आठवडाभर वापरावी. मुलांना पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही, तो मोठ्यांना येतो.

मराठीसाठी लागणारे साहित्य

इंग्रजीतले तयार संच जसेच्या तसे मराठी मुलांपुढे ठेवणे चूक आहे. त्यांत ‘ळ’ आणि ‘ण’ नसतात, ‘भ’, ‘ध’, ‘घ’ असे महाप्राण नसतात आणि ‘चार’मधला च व ‘चाक’मधला च यांतला फरकही नसतो. व्याकरणाचेही तसेच आहे. भाषेची अडचण असलेले मराठी मूल ‘घोड्याला’ऐवजी ‘घोडाला’ म्हणते, तो-ती-ते यांत गोंधळते. सामान्यरूपाचा सराव देणारे संच आपले आपणच करावे लागतात. ते अवघडही नाही. उच्चारांच्या सरावाला तर एका कागदावर दोन चित्रे काढली की काम भागते : काप–ताप, गार–दार, रस–लस, भात–बात, गाल–गाळ, वेल–वेळ. मुलाला रस हवा असतो, तोंडून ‘लस’ निघते आणि बाई शांतपणे इंजेक्शनचे चित्र पुढे करतात. आवाज बदलला की अर्थ बदलतो हे त्याला त्या क्षणी उमगते. दहा वेळा ‘नीट बोल’ म्हणून ते उमगत नाही.

बोली आणि दोष यांची गल्लत करू नये. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरात डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. अनेक बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘पानी’ म्हटले जाते. मूल आपल्या आजीसारखेच बोलत असेल, तर त्याला उपचाराची गरज नाही. कोरकू, भिली किंवा वारली घरभाषा असलेल्या मुलाची मराठी कच्ची असणे हीसुद्धा निराळी गोष्ट आहे. तपासणीत आधी घरची भाषा विचारावी.

लोकप्रिय असलेल्या दोन उपायांबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. मेणबत्ती विझवणे, फुगे फुगवणे, जीभ वर-खाली हलवणे अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात, याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. उच्चार सुधारतो तो उच्चारांच्याच सरावाने. दुसरा उपाय ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणायला लावण्याचा. सुटा आवाज, मग अक्षर, शब्द, वाक्य आणि शेवटी गप्पा, असा सरावाचा क्रम असतो. जिभेला वळण लावणारी वाक्ये त्यात अगदी शेवटी बसतात. आरंभी ती दिली की मूल फक्त हरते.

पडद्यावरची साधने

सर्वांत उपयोगी डिजिटल साधन बहुतेक शिक्षकांच्या खिशातच असते. फोनचा पुढचा कॅमेरा आरशाचे काम करतो आणि शिवाय आठवणही ठेवतो. जीभ दातांत येते की टाळूला लागते हे मूल संथ गतीच्या चित्रफितीत पाहू शकते. मात्र दुभंगलेल्या टाळूच्या मुलासाठी खरा आरसाच लागतो. ‘प’ म्हणताना नाकाखाली धरलेल्या काचेवर वाफ धरली, तर हवा नाकातून निसटते आहे असे कळते. आवाज मुद्रित करून लगेच ऐकवणे आणि ‘हा कसा वाटला?’ असे मुलालाच विचारणे, ही पद्धत फार परिणामकारक आहे, कारण शेवटी चूक स्वतःच्या कानाने पकडता आली पाहिजे. फोनवर बोलून मजकूर लिहिण्याच्या सोयीला मात्र परीक्षक करू नये. ती वाक्यावरून शब्द ओळखते, म्हणून चुकीचा उच्चारही अनेकदा शुद्ध करून लिहिते.

चित्रगोष्टींसाठी प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ २०१५ पासून खुले आहे. तिथे मराठी पुस्तके मोफत वाचता आणि छापता येतात. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील चित्रपाने त्याहून सोयीची, कारण ती मुलाच्या दप्तरातच असतात आणि वर्गातल्या धड्याशी सत्राचा धागा जुळतो. स्पेनमधील आरागॉन प्रांताच्या सरकारचा ‘आरासाक’ हा चित्रचिन्हांचा संग्रहही मोफत आहे. दिनक्रमाचे तक्ते करायला तो उत्तम.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर सत्रे व्हिडिओ कॉलवर गेली. शाळा उघडल्यावरही दूरच्या गावांसाठी काही ठिकाणी हा मार्ग चालू राहिला. त्यासाठी मुलाशेजारी मोठे माणूस बसलेले लागते. लहान मुलांच्या चित्रफिती घेताना पालकांची संमती घ्यावी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे.

न बोलणाऱ्या किंवा फार थोडे बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारी ॲप आहेत. मुंबईच्या आयआयटीत घडलेले ‘जेलो’ मोफत असून मराठीत चालते. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ही भारतीय भाषांसाठी वापरले जाते. अशा ॲपमुळे मूल बोलायचा आळस करील ही पालकांची भीती निराधार आहे. बोलणे त्यामुळे थांबत नाही, अनेक मुलांत ते वाढते. टॅब सत्रापुरता काढून पुन्हा कपाटात ठेवला, तर मुलाचा शब्दच कपाटात राहतो. तो दिवसभर मुलाजवळ हवा. चार्जिंग संपते, पावसाळ्यात वीज जाते. म्हणून त्याच चित्रांचा छापील, प्लॅस्टिकचे आवरण घातलेला तक्ता दप्तरात कायम ठेवतात. त्याच्या पहिल्या पानावर ‘हवं’, ‘नको’, ‘अजून’, ‘थांब’, ‘मदत कर’, ‘दुखतंय’ आणि ‘शू लागली’ एवढे शब्द असले तरी शाळेतला दिवस निभतो.