कार्ब्युरेटरचा स्क्रू आणि भरधाव वेग : एक खुलासा

जुनी मोटारसायकल वेगात ओढत नसेल तर कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा) मिश्रणाचा स्क्रू थोडा फिरवावा म्हणजे काम होते, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली इंजिने तापून निकामी होऊ शकतात, म्हणून हा खुलासा.

हा स्क्रू केवळ पायलट सर्किटचे, म्हणजे थ्रॉटल (मूठ पिळल्यावर उघडणारी हवेची वाट) जेमतेम उघडा असताना पेट्रोल पुरवणाऱ्या मार्गाचे, मिश्रण ठरवतो. थ्रॉटल साधारण एक चतुर्थांश उघडेपर्यंतच त्याचा प्रभाव जाणवतो. तिथून तीन चतुर्थांशापर्यंत मुख्यतः थ्रॉटलबरोबर वर-खाली सरकणाऱ्या स्लाइडला लटकणारी निमुळती नीडल (सुई) आणि त्यापुढे पेट्रोल सोडणाऱ्या मेन जेटचे भोक पेट्रोलचे प्रमाण ठरवते. नीडलच्या वरच्या टोकाशी बारीक खाचा असतात; तिथली क्लिप एक खाच खाली बसवली की नीडल वर उचलली जाते आणि मधल्या टप्प्यात पेट्रोल वाढते.

फिरवण्याच्या दिशेबद्दलही असाच घोळ आहे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो बहुधा हवा अडवतो, म्हणून आत फिरवल्यास मिश्रण रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनाच्या बाजूला असेल तर नेमके उलटे घडते.

पूर्ण थ्रॉटलचे मिश्रण तपासायचे असेल, तर मोकळ्या, सुरक्षित जागी त्या थ्रॉटलवर गाडी पळवून, क्लच दाबून लगेच इंजिन बंद करावे आणि स्पार्क प्लग काढून पाहावा. त्याचे चिनी मातीचे टोक पांढरेफटक दिसले, तर पेट्रोल कमी पडते आहे; मोठा मेन जेट हवा. स्क्रूला हात लावून उपयोग नाही.