मोबाइलच्या झाकणाला रंग चढवणे

मोबाइलच्या बॅटरीवरचे निघणारे प्लास्टिकचे झाकण गरम रंगपाण्यात बुडवून त्याचा रंग घरच्या घरी बदलण्याची कृती. स्प्रेने किंवा ब्रशने लावलेला रंग झाकणावर थर होऊन बसतो. येथे रंगाचे रेणू प्लास्टिकच्या आत शिरतात. त्यामुळे या रंगाचे पोपडे निघत नाहीत. कोकण किनाऱ्यावर हा फरक विशेष मोलाचा, कारण घाम, खारट दमट हवा आणि पावसाळ्यातले सदा ओले हात यांच्यापुढे वरून लावलेला रंग कडांपासून सुटू लागतो.

दोन्ही रीती कोकणाला परक्या नाहीत. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची लाख ही थराची रीत. ऐनाच्या सालीच्या पाण्यात भिजवून तांबूस केलेली जुनी मासेमारीची जाळी ही मुरवण्याची रीत. तिथे मुख्य हेतू अर्थात सूत कुजू नये हा होता आणि नायलॉन आल्यावर ती गरज संपली. झाकणाचे काम जाळ्यांच्या जवळचे आहे.

प्लास्टिकमध्ये रंग कसा मुरतो, हे कोकणातल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. सोलकढीचा डबा विसळला की स्वच्छ होतो, पण माशाच्या कालवणाचा डबा कितीही घासला तरी पिवळट राहतो. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा. तो पाण्यात सहज विरघळतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते आणि कालवण गरम असताना तेलाबरोबर प्लास्टिकमध्ये शिरते. झाकणासाठी वापरायचे ‘डिस्पर्स’ रंग याच स्वभावाचे असतात. 1920 च्या दशकात ते ॲसिटेट रेशमासाठी तयार झाले आणि पुढे पॉलिएस्टरच्या कापडाला लागू पडले. पाण्यात त्यांचे बारीक कण नुसते तरंगत असतात. उष्णतेने प्लास्टिकच्या साखळ्या हलू लागल्या की रंगाचे रेणू पाणी सोडून त्या फटींत जातात आणि थंड झाल्यावर तिथेच अडकतात. खुद्द हळद मात्र या कामाची नाही. पिवळा डबा दोन दिवस उन्हात ठेवला की डाग उडतो, तसाच झाकणाचा रंगही उडेल. सुती कपड्यांचा पुडीतला रंगही चालत नाही. तो पाण्यातच रमतो.

सगळे यश प्लास्टिकच्या जातीवर अवलंबून असते. अनेक झाकणांच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत पीसी, एबीएस किंवा पीपी असे उमटवलेले असते. पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट. ते साधारण 147 अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते, म्हणून उकळीच्या जवळचे पाणी सोसते. 2011 च्या नोकिया ल्युमिया 800 चे अंग याच प्लास्टिकचे होते आणि त्याचा रंग आतपर्यंत एकच होता. एबीएस हे दुसरे कडक प्लास्टिक सुमारे 105 अंशांना मऊ होते, त्यामुळे तिथे पाणी 75-80 अंशांवरच ठेवावे. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, फार तर फिकी छटा घेते. त्याच्यामागे लागू नये. नायलॉनला आम्लरंग, म्हणजे आंबट पाण्यात चढणारे रंग, आणि थोडे व्हिनेगर जास्त मानवते. सिलिकॉनचे कव्हर रंगत नाही. झाकणावर कारखान्यातच रंगाचा किंवा चकाकीचा थर दिलेला असेल, तर रंग आत पोचतच नाही. पांढरे किंवा पारदर्शक झाकण सर्वांत चांगले. काळ्याचे पांढरे होत नाही, उजळाचे गडद तेवढे होते.

झाकण फोनपासून वेगळे केल्यावर त्याला चिकटलेली एनएफसीची (फोन जवळ धरून पैसे देण्यासाठी लागणारी) पट्टी, रबर आणि काच काढून ठेवावी. बॅटरी या कामाच्या आसपासही नको. झाकण साबणाने धुवावे. नेलपॉलिश काढायचे ॲसिटोन लावू नये. त्याने एबीएस विरघळते, पॉलिकार्बोनेटला सूक्ष्म तडे जातात आणि चुलीजवळ ते पेट घेते. रंगपाण्यात भांडी धुण्याच्या द्रवसाबणाचा एखादा थेंब टाकला की कण सारखे पसरतात. पांढऱ्या पॉलिएस्टरची चिंधी आधी बुडवून रंग पारखता येतो. झाकण दोऱ्याने अधांतरी टांगावे. भांड्याच्या तळाला टेकले तर वाकते, आणि एक खिट्टी जरी वाकली तरी ते फोनवर बसत नाही. पाच-पाच मिनिटांनी पाहत राहावे. अर्धा तास बहुधा पुरतो. मग पाणी आपोआप निवू द्यावे. शेवटी धुण्याचे पाणी स्वच्छ येईपर्यंत झाकण धुवावे, कारण काही डिस्पर्स रंगांनी त्वचेला ॲलर्जी होते आणि हे झाकण दिवसभर हातात असते. हातमोजे याचसाठी.

जागा मागीलदारची उघडी असावी, आणि भांडे पुन्हा स्वयंपाकात जाणार नाही असे मोडीतले. उरलेल्या पाण्याची काळजी कोकणात जास्तच घ्यावी लागते. जांभा सच्छिद्र असतो. अंगणात ओतलेले पाणी झिरपून शेजारच्या विहिरीपर्यंत जाऊ शकते. पोफळीच्या आळ्यात, वहाळात किंवा खाडीत तर ते टाकूच नये. बाटलीत भरून ठेवलेले रंगपाणी पुढच्या झाकणाला चालते, रंग थोडा फिका येतो. अगदी टाकायचेच झाले, तर पसरट ताटात उन्हाळी उन्हात आटवून उरलेली भुकटी सुक्या कचऱ्यात द्यावी. पावसाळ्यात ते जमत नाही, म्हणून हे काम वैशाखात उरकणे बरे.

नव्या फोनांची पाठ बहुधा चिकटवलेली असते, त्यामुळे ही कृती आज मुख्यतः जुन्या आणि बटणांच्या फोनांपुरती उरली आहे. युरोपीय संघात 18 फेब्रुवारी 2027 पासून वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः काढता यावी असा नियम लागू होतो. त्यामुळे निघणारी झाकणे पुन्हा बाजारात आली, तर हे रंगपाणी त्यांनाही लागू पडेल.