बालवाडीतील विशेष शैक्षणिक साहाय्य

बालवाडीतील विशेष शैक्षणिक साहाय्य : विकास लांबलेल्या किंवा विकलांगता असलेल्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सर्वसाधारण बालवाडीत, अंगणवाडीत वा नर्सरीत इतर मुलांबरोबर शिकता यावे, यासाठी वर्गाची मांडणी, दिनक्रम, साधने आणि शिकवण्याची रीत यांत जाणीवपूर्वक केलेले बदल. स्वमग्नता, श्रवणदोष, दृष्टिदोष, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता, उशिरा बोलणे ही त्यामागची नेहमीची कारणे. विशेष शाळा आणि उपचारकेंद्रातील ‘स्पीच’ (वाचोपचार), ‘ओटी’ (व्यवसायोपचार) यांहून हे साहाय्य वेगळे असून ते वर्गशिक्षिकेच्या हातून, रोजच्या तीन-चार तासांतच घडते. येथे मुख्यतः ठाणे व नवी मुंबई परिसरातील व्यवहार विचारात घेतला आहे.

उगम : या पद्धतीचा उगम कोठे मानावा याविषयी एकमत नाही. पहिल्या मतानुसार तो माँटेसरी परंपरेतच आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०० च्या सुमारास रोममध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम केले. त्यासाठी त्यांनी झां इतार आणि एदुआर सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या साधनांचा आधार घेतला. पुढे ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलेल्या त्यांच्या ‘बालगृहा’त, म्हणजे लहान मुलांच्या शाळेत, तीच साधने सर्वसाधारण मुलांच्या हाती आली. बटणे लावण्याची चौकट, खाचेत बसणारे ठोकळे, स्पर्शाने ओळखायची अक्षरे ही आजच्या कोणत्याही नर्सरीत दिसणारी सामग्री मुळात विशेष मुलांसाठीच्या कामातून आलेली आहे. महाराष्ट्रात ही परंपरा गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांमार्फत पोहोचली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले व १९५६-५७ च्या सुमारास ते काम कोसबाडला नेले. ही दोन्ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात मोडतात. अंगणवाडीच्या कल्पनेचे श्रेयही बहुधा ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्या कामाला दिले जाते. मात्र कोसबाडचा भर आदिवासी मुलांच्या शिक्षणावर होता, विकलांगता हा तेथला स्वतंत्र विषय नव्हता. त्यामुळे साधने विशेष शिक्षणाची आणि वर्गात विकलांग मुले मात्र नाहीत, अशी काहीशी चमत्कारिक स्थिती बराच काळ राहिली.

दुसऱ्या मतानुसार खरा उगम ‘पोर्टेज’ प्रकल्पात आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेज या गावी १९६९ मध्ये तो सुरू झाला. कार्यकर्ती आठवड्यातून एकदा घरी जाई, आईला पुढील आठवड्यासाठी एखाददुसरे लहान उद्दिष्ट दाखवी आणि पुढच्या भेटीत ते जमले की नाही हे पडताळी. १९७६ च्या सुधारित यादीत जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या ५८० कृती आहेत. स्वावलंबन, हालचाल, सामाजिकता, आकलन, भाषा अशा विभागांत त्या मांडलेल्या आहेत. भारतात ही यादी स्थानिक रूपांतरांसह वापरात आली. तिसरे मत धोरणांना महत्त्व देते : १९७४ ची विकलांग मुलांसाठी एकात्मिक शिक्षण योजना आणि सर्व मुलांना सर्वसाधारण शाळेतच सामावून घ्यावे असे सांगणारे १९९४ चे सालामांका (स्पेन) येथील आंतरराष्ट्रीय निवेदन. मुंबईत १९७२ मध्ये मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठी स्थापन झालेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाचे कामही याच संदर्भात उल्लेखिले जाते.

शिक्षिका प्रत्यक्षात काय करते हे पाहिले, तर दुसरे मत अधिक पटते. कौशल्याचे तुकडे पाडणे, आठवड्याचे लहान उद्दिष्ट ठरवणे आणि घराला सोबत घेणे ही आजच्या वर्गातील तिन्ही अंगे पोर्टेजमध्ये स्पष्ट दिसतात. माँटेसरी परंपरेने सामग्री दिली आणि सालामांकाने हक्काची भाषा दिली, एवढे म्हणता येईल.

कायद्याची चौकट : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला व मान्य विकलांगतांची संख्या ७ वरून २१ झाली. पण त्यातील मोफत शिक्षणाचा हक्क (कलम ३१) सहा ते अठरा वयासाठी आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ सहा ते चौदा वयाला लागू होतो. तीन ते सहा वयाबाबत तो शासनाने व्यवस्था करावी एवढेच सुचवतो (कलम ११). म्हणजे मदतीचा सर्वाधिक उपयोग ज्या वयात होतो, नेमके तेच वय सक्तीच्या तरतुदींबाहेर राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. अंगणवाडीसाठी केंद्र शासनाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी दिव्यांग बालकांविषयीची कार्यपद्धती जाहीर केली : लवकर चाळणी (अडचण ओळखण्यासाठीची प्राथमिक तपासणी), कुटुंबाला व गावाला सोबत घेणे आणि आशा सेविका, एएनएम परिचारिका व आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवणे, असे तिचे तीन टप्पे आहेत.

चाळणी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे, म्हणजे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच झाला. त्यातील फिरती पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. गृहसंकुलांच्या तळमजल्यावर चालणाऱ्या खासगी प्लेग्रुपमध्ये हे पथक सहसा पोहोचत नाही ; तेथे ओळखण्याचे काम शिक्षिकेवरच येते.

चाळणी म्हणजे निदान नव्हे. स्वमग्नतेसाठीची वीस प्रश्नांची एम-चॅट प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला ती लावणे निरर्थक. निदानाच्या वेळी तज्ज्ञ ‘इसा’ ही चाळीस बाबींची भारतीय मोजपट्टी वापरतात. वयाचा हिशेब महिन्यांत करावा. राज्यात प्रवेशासाठी ३१ डिसेंबर ही तारीख धरली जात असल्याने जानेवारीत जन्मलेले मूल आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच वर्गात येतात. त्यांच्यात जवळजवळ वर्षाचे अंतर असते आणि ‘मागे’ वाटणारे मूल पुष्कळदा केवळ धाकटे असते.

या भागातील दुसरी नेहमीची गफलत भाषेची. घरी मराठी, आगरी किंवा भोजपुरी आणि नर्सरी इंग्रजी माध्यमाची असली, तर मूल सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिनेही, वर्गात गप्प राहू शकते. अशा वेळी घरच्या भाषेत ते किती बोलते, दोन शब्द जोडते का, आजी-आजोबांनी सांगितलेले ऐकून वस्तू आणून देते का हे आधी विचारावे. दोन्हीकडे बोलणे नसेल तर पहिली तपासणी कानांची. ‘घरी फक्त इंग्रजी बोला’ हा पालकांना सर्रास दिला जाणारा सल्ला मात्र निराधार आहे. दोन भाषांमुळे वाचाविकास खुंटत नाही. उलट जी भाषा आईला सहज येते तीच तोडली, की मुलाला मिळणारे बोलणेच घटते.

निदानाचा कागद येईपर्यंत साहाय्य थांबवण्याचे कारण नाही. खाली दिलेल्या बहुतेक गोष्टींना निदान लागत नाही आणि त्यांनी कोणत्याही मुलाचे नुकसान होत नाही.

वर्गाची मांडणी : बसल्यावर मुलाची पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. ९५ ते ११५ सेंमी उंचीच्या मुलाला आसन सुमारे २६ सेंमी व टेबल सुमारे ४६ सेंमी उंचीचे लागते. पाय लोंबकळत असतील तर तोल सांभाळण्यातच शक्ती खर्च होते आणि हात कामाला मोकळे राहत नाहीत. खुर्ची बदलता येत नसल्यास पायाखाली प्लायवूडचा पाट ठेवावा. खडू पूर्ण लांबीचा न देता तोडून तीनेक सेंमीचा द्यावा. एवढा लहान तुकडा मुठीत धरता येत नाही, त्यामुळे बोटांच्या चिमटीत आपोआप येतो.

आवाजाकडे सहसा दुर्लक्ष होते. पावसाळ्यात पत्र्यावरचा मारा, दहीहंडी-गणपतीतले ढोल आणि टाइल्स लावलेली घुमणारी खोली यांमुळे श्रवणयंत्र लावणारी आणि आवाजाला बुजणारी अशी दोन्ही प्रकारची मुले हैराण होतात. सतरंजी, जाड पडदे आणि खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या एवढ्याने बराच फरक पडतो. बुजणाऱ्या मुलासाठी एक शांत कोपरा राखावा. तेथे शिक्षा म्हणून कोणालाही बसवू नये, नाहीतर मूल त्याचा आसरा घेणार नाही.

दिनक्रमपट्टी : प्रार्थना, खेळ, डबा, गोष्ट, घर असे पाच-सहा प्रसंग त्याच वर्गाच्या छायाचित्रांत, सुमारे १० सेंमी चौकोनी पत्त्यांवर, वेल्क्रोने डावीकडून उजवीकडे लावतात. प्रसंग संपला की मूल स्वतः पत्ता काढून ‘झाले’च्या खिशात टाकते. अपयशाची कारणे ठरलेली आहेत. पट्टी मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावली जाते, जमिनीपासून ७५ ते ९० सेंमीवर नाही. पत्ते कोणी हलवत नाही, म्हणून आठवड्याभरात ती भिंतीची शोभा होऊन बसते. किंवा सुरुवातीलाच सहा पत्ते दिले जातात, जेव्हा मुलाला ‘आधी हे, मग ते’ असे दोनच झेपतात. ज्या दिवशी बेत बदलतो, त्या दिवशी पत्ता सर्वांदेखत बदलून दाखवणे हाच तिचा सर्वांत मोठा उपयोग.

कौशल्याचे टप्पे : हात धुण्याचे आठ तुकडे पडतात : बाह्या सरकवणे, नळ सोडणे, हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे. शिकवताना शेवटून सुरुवात करतात. पहिले सात टप्पे शिक्षिका हात धरून करून घेते, पुसणे मुलावर सोडते. ते जमले की नळ बंद करणेही सोडते. त्यामुळे प्रत्येक खेपेला काम पूर्ण केल्याचे समाधान मुलाच्या वाट्याला येते. मदत हात धरण्यापासून खुणेपर्यंत पायरीपायरीने कमी करावी. सूचना एकदाच देऊन पाच ते दहा सेकंद थांबावे. एवढे थांबणे मोठ्यांना फार जड जाते. मध्येच तीच सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा दिली, की मुलाला विचार पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

श्रवणयंत्र असलेले मूल : रोज वर्ग सुरू होताना डॅनियल लिंग या तज्ज्ञांची सहा ध्वनींची चाचणी घ्यावी. शिक्षिकेने मुलाच्या मागे साधारण एक मीटरवर उभे राहून नेहमीच्या आवाजात म, ऊ, आ, ई, श, स हे ध्वनी क्रम बदलत म्हणावेत. ऐकू आले की मूल डब्यात ठोकळा टाकते. दोन ध्वनींमधले अंतर सारखे ठेवू नये. ठेका कळला की मूल न ऐकताही ठोकळा टाकते. काल येणारे श आणि स आज येत नसतील तर आधी सेल, मग यंत्राची नळी व कानात बसणारा साचा तपासावा, आणि तरीही फरक न पडल्यास ऑडिऑलॉजिस्टकडे पाठवावे. झिंक-एअर सेलचा रंगीत कागद काढल्यावर मिनिटभर थांबूनच तो यंत्रात घालावा. एकदा कागद काढला की यंत्र न वापरताही सेल उतरत जातो. शीळ वाजत असेल तर साचा बहुधा सैल झालेला असतो, कारण या वयात कान वाढतो. जून ते सप्टेंबरमध्ये घाम व दमट हवेने नळीत पाणी साचते, म्हणून रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवण्यास पालकांना सांगावे. सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळल्यास थेट रुग्णालय गाठावे.

फिट (आकडी) : मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही द्यावे आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करावा.

शॅडो टीचर : एकाच मुलाच्या मदतीसाठी वर्गात बसणारी सोबतीण. ठाणे-नवी मुंबईतील अनेक खासगी शाळा प्रवेशासाठीच ही अट घालतात आणि तिचा खर्च पालकांवर टाकतात. सोबतीण मूल आणि वर्ग यांच्या मध्ये बसली, की इतर मुले तिच्याशीच बोलू लागतात व वर्गशिक्षिका त्या मुलाची जबाबदारी सोडून देते. तिने मुलाच्या मागे, हाताच्या अंतरावर बसावे, आणि कोणत्या प्रसंगी तिची गरज उरली नाही याची नोंद दर महिन्याला करावी. ही नोंद होत नसेल तर ती व्यवस्था कायमची होऊन बसते.

वैयक्तिक आराखडा : एका सत्रासाठी तीन-चार उद्दिष्टे पुरतात, पण ती मोजता येतील अशी हवीत. ‘संवाद सुधारणे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘डब्याच्या वेळी पाणी हवे असल्यास पाण्याचा पत्ता देणे, पाचपैकी चार वेळा, सलग तीन दिवस’ हे उद्दिष्ट होय. चावणे, पळून जाणे अशा वर्तनाची नोंद आधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर काय मिळाले अशा तीन रकान्यांत ठेवतात. तिसरा रकाना प्रामाणिकपणे भरला तर कारण बहुधा त्यातच सापडते, जसे की चावल्यावर दर वेळी गोल करून बसण्याच्या तासातून सुटका मिळत होती.

स्थानिक व्यवस्था : नवी मुंबई महानगरपालिकेचे वाशी येथील ईटीसी हे दिव्यांगांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र व ठाणे महानगरपालिकेची ‘जिद्द’ ही विशेष शाळा सार्वजनिक क्षेत्रात उल्लेखनीय आहेत. खारघर येथे राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र असून तेथे मूल्यमापन व प्रशिक्षण दोन्ही चालते. श्रवण-वाचेसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था या भागाला जवळची. विशेष शिक्षिका नेमताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहावा.

पहिलीत जाताना मुलासोबत आराखडा, जमलेल्या कौशल्यांची यादी, कोणती मदत लागते व कोणती लागत नाही याचे एक पान, श्रवण-दृष्टी तपासणीचे कागद आणि असल्यास यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचे ओळखपत्र) द्यावे. लहान वयातील दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते असते, त्याची मुदत प्रवेशाआधीच पाहून ठेवावी. मुलाला सीनियर केजीत आणखी एक वर्ष ठेवण्याचा निर्णय केवळ अक्षरे येत नाहीत म्हणून घेऊ नये ; सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला कायद्याचा जो आधार मिळतो, तो पहिलीपासूनच्या शाळेत मिळतो, खासगी केजीत नाही.