सांडपाण्यातील विरघळलेल्या धातूंचे निष्कासन

कारखान्यांच्या सांडपाण्यात आयनरूपात विरघळलेले धातू वेगळे काढण्याची प्रक्रिया. तांबे, जस्त, निकेल, क्रोमियम, शिसे, कॅडमियम, पारा हे त्यांतले नेहमीचे. विद्युत् मुलामा, खाणी, बॅटऱ्या आणि कातडी कमावण्याच्या उद्योगांतून ते येतात. सेंद्रिय घाण जिवाणू खाऊन संपवतात, धातू संपत नाही. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेल्या पाऱ्याच्या विषबाधेमागे कारखान्याने समुद्रात सोडलेले सांडपाणीच होते.

सर्वांत रुळलेली पद्धत अवक्षेपणाची. चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून सामू (पीएच) वाढवला की धातूंची न विरघळणारी हायड्रॉक्साइडे बनतात आणि साका खाली बसतो. सांगायला हे सोपे. पण प्रत्येक धातूचा सोयीचा सामू वेगळा असतो: त्रिसंयुजी क्रोमियम साधारण ८ ला, तांबे ९ च्या आसपास, तर निकेल १० च्या पुढे नीट उतरते. अल्कली सढळ हाताने ओतावी, तर क्रोमियम आणि जस्त उभयधर्मी (त्यांची हायड्रॉक्साइडे आम्ल आणि अल्कली दोन्हींत विरघळणारी) असल्याने पुन्हा विरघळू लागतात. म्हणून वेगवेगळ्या धातूंचे प्रवाह मुळात मिसळूच न देणे शहाणपणाचे.

षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे अधिक ऑक्सिडीकृत रूप, तर चुन्याला दादच देत नाही. त्यासाठी आधी आम्लाने सामू २ ते ३ वर आणून सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात. पिवळे पाणी हिरवट झाले की क्षपण झाले, म्हणजे त्याचे त्रिसंयुजी क्रोमियम बनले, असे समजावे, मग चुना. सायनाइडयुक्त पाणी मात्र या आम्लाच्या टाकीत चुकूनही जाता कामा नये. हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा वायू सुटतो. सायनाइडचे पाणी अल्कधर्मी ठेवून त्यातले सायनाइड क्लोरिनने मोडतात. अमोनिया किंवा ईडीटीए या धातूला घट्ट पकडणाऱ्या रसायनांनी धरून ठेवलेला धातू हायड्रॉक्साइडाने सुटत नाही, तेव्हा बऱ्याचदा सल्फाइड वापरतात. धातूंची सल्फाइडे कितीतरी कमी विद्राव्य असतात.

साक्याचे कण बारीक असल्याने पॉलिइलेक्ट्रोलाइटने (कणांना एकत्र चिकटवणाऱ्या विद्युत्भारित बहुवारिकाने) त्यांच्या गुठळ्या करतात, निवळण टाकीत बसवतात आणि गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबतात. उरलासुरला धातू आयन-विनिमय राळ (धातूचे आयन धरून बदल्यात दुसरे सोडणारी) किंवा व्यस्त परासरणाने (दाबाखाली पाणी पटलातून गाळून) निघतो, पण तिथेही शेवटी तीव्र द्रावण हाती उरतेच.

दाबलेला गाळ घातक कचरा म्हणून हाताळतात. आम्लयुक्त पाणी लागले तर त्यातली हायड्रॉक्साइडे परत विरघळतात, म्हणून तो सिमेंटमध्ये बांधून किंवा अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरतात. तांबे वा निकेल भरपूर असेल, तर तो धातू परत मिळवण्यासाठी गाळ भट्टीकडे जातो.